निधी मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे

आंबेडकरी चळवळीत पैशाचा विषय निघाला की दोन शब्द हमखास कानावर येतात: 'वर्गणी' आणि 'एनजीओवाले'. पहिला शब्द अभिमानाने उच्चारला जातो, दुसरा नाक मुरडून. मी गेली काही वर्षे त्या दुसऱ्या शब्दातली नोकरी करते. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर नेट-सेटच्या रांगेत न थांबता मी एका संस्थेत निधी संकलनाचे काम धरले. तेव्हा शिरड शहापूरच्या आमच्या वस्तीतल्या एका काकांनी विचारले, "म्हणजे पोरी, पगार घेऊन वर्गणी मागायची का?"

प्रश्न बोचरा होता, पण योग्य होता. आपल्या तरुणांपैकी अनेक जण आज एमएसडब्ल्यू, समाजशास्त्र शिकून या क्षेत्रात येत आहेत. त्यांनाही तो विचारला जाणार. म्हणून त्याचे उत्तर नीट मांडले पाहिजे.

आमच्या गावात मल्लिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. तालुक्याला औंढा नागनाथ. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली पाहतच आम्ही मोठे झालो. तिथे देणग्या जमवणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही. मग दलित मुलींच्या अभ्यासिकेसाठी पैसे मागणाऱ्याच्या वाट्यालाच तो शब्द का येतो? मला वाटते, याचे कारण जातीत आहे. मागण्याची आठवण आपल्या समाजाच्या अंगावर अपमानासारखी चिकटली आहे. गावकीची कामे करायची आणि दारोदार भाकरी मागायची, हे आपल्या पणजोबांनी भोगले. त्यामुळे आपल्यातला कोणी हात पुढे करतो, तेव्हा समोरच्याला जुने चित्र दिसते. आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही दिसते.

पण बाबासाहेबांनी मागितले नाही का? 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. कोलंबियाचे शिक्षण १९१३ साली मिळालेल्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर झाले, आणि त्यासाठी दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करताना नवल भथेना या पारशी मित्राची मदत झाली. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. देणारा बाबासाहेबांची कीव करत नव्हता, त्यांच्या कामावर त्याचा विश्वास होता.

याच्या उलट उदाहरणही त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. पुणे करारानंतर १९३२ मध्ये अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था उभी राहिली आणि पुढे हरिजन सेवक संघ झाली, तिच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, असा प्रश्न आला. गांधीजींची भूमिका अशी होती की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण फेडणारे ते आहेत, तेव्हा पैसा कसा खर्चायचा हे त्यांनीच ठरवावे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरील पुस्तकात या दयेची चिरफाड केली. निधी संकलनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात हे प्रकरण शिकवायला हवे. देणारा कोण, हा प्रश्न दुय्यम आहे. ठरवणारा कोण, हा खरा प्रश्न.

माझ्या कामात हा प्रश्न दर महिन्याला समोर येतो. एका कंपनीच्या सीएसआर बैठकीत मला सांगण्यात आले, "मॅडम, फोटो जरा इमोशनल पाठवा. मुली फारच व्यवस्थित दिसतायत." मुली व्यवस्थित दिसत होत्या, कारण अभ्यासिकेत येताना त्या इस्त्रीचा ड्रेस घालून येतात. आम्ही फोटो बदलले नाहीत. तो निधी आला नाही.

लक्षात घ्या, हा पैसा त्या साहेबांच्या खिशातला नसतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावेच लागतात. आपण तिथे जातो ते उपकार मागायला नाही. पण म्हणून आखडूपणा करूनही चालत नाही. समोरच्या टेबलावर बसलेली मुलगीही नोकरी करते, तिलाही वरिष्ठांना उत्तर द्यायचे असते. तिला काय लिहून हवे आहे हे समजून घेतले, तर निम्मे काम तिथेच होते.

समानुभूती हा शब्द आपण फक्त पीडितांसाठी राखून ठेवला आहे. देणाऱ्याचेही ऐकावे लागते. पुण्यातले एक निवृत्त शिक्षक आम्हाला दरमहा थोडी रक्कम देतात. सवर्ण आहेत. पहिल्या भेटीत मी पैशाचे काही बोललेच नाही, ते दीड तास बोलत होते. त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा असायचा, हे त्यांना म्हातारपणी टोचू लागले होते. ती टोचणी वापरून मला दुप्पट रक्कम मागता आली असती. मी मागितली नाही. पुढे मुलींनी त्यांना बोलावून त्याच कपाविषयी प्रश्न विचारले, आणि ते उत्तरे देत बसले. आता ते वर्षातून एकदा येऊन इंग्रजी शिकवतात, चहा मुलींच्या हातचा घेतात, आणि खर्चाच्या तपशिलावरून माझ्याशी भांडतातही. मला हे भांडण आवडते. कीव करणारा कधी हिशेब विचारत नाही.

ब्रिटनमध्ये १९८० साली सुरू झालेल्या करुणा ट्रस्टची पद्धत आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावी अशी आहे. स्वयंसेवक काही आठवडे एकत्र राहतात, ध्यान करतात आणि संध्याकाळी अनोळखी दारे ठोठावतात. एकरकमी देणगीऐवजी दरमहाची बांधिलकी मागतात. अशा पैशातून महाराष्ट्रात बौद्ध मुलामुलींची वसतिगृहे चालली. अनोळखी दारात उभे राहून नकार ऐकणे हीसुद्धा एक साधना आहे, हे मला त्यांच्याकडून उमगले. परंतु परदेशी निधीवर विसंबून आता भागणार नाही. २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद केले. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या छोट्या संस्थेकडे येणारा तो झरा तिथेच आटला.

मग उरतो कोण? आपणच. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचा आग्रह धरला होता. आपल्यातला नोकरदार वर्ग आज नांदेड, संभाजीनगर, पुण्यात स्थिरावला आहे. जयंतीच्या डीजेला तो हजार रुपये सहज देतो, अभ्यासिकेला देताना मात्र "संस्था कोणाची?" असे विचारतो. त्याला नावे ठेवून काही होत नाही. त्याने अनेक पावती पुस्तके पाहिली आहेत, ज्यांचा हिशेब कधी आला नाही. त्याच्याकडे मी जाते तेव्हा ८०जी ची पावती आणि मागच्या वर्षीचा खर्च घेऊन जाते, आणि पैसे नको असतात तेव्हाही फोन करते. त्याच्या मुलाचा बारावीचा निकाल, आईचे ऑपरेशन, हे मला माहीत असते. नाटक म्हणून केले तर दोन महिन्यांत उघडे पडते.

आणि पगार? हो, घेते. काकांना मी हेच सांगितले. मुली अभ्यासिकेत रात्री नऊपर्यंत बसतात, त्यांचे दिवे चालू राहावेत म्हणून कोणीतरी पूर्ण वेळ राबले पाहिजे, आणि त्या माणसाचेही घर चालले पाहिजे. पगार किती, हे हिशेबाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेले असते. यंदाचा हिशेब विहारात मुलीच वाचणार आहेत. काकांनी निरोप पाठवला आहे की ते पुढच्या रांगेत बसणार, चष्मा घेऊन.