नाकतोडा आणि पोकलेन

परवा मामांकडं गेलो होतो. जेवणं झाल्यावर ओसरीत बसून फोनवर एक व्हिडिओ बघत होतो. काश्मीरमधला कुठलासा ओढा. गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा, लांबलचक दोरी डोक्यावरून मागं-पुढं फिरवायला, आणि दोरीच्या टोकाला पिसांची बनवलेली खोटी माशी. ती पाण्यावर टेकली न टेकली की खालून ट्राऊट उसळला. मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोनदा बघितलं आणि म्हणाले, "हे तर आपलं नाकतोड्याचंच काम हाय की रे. याला नाकतोडा गावला नसंल, म्हणून पिसं बांधलीत."

हसलो. पण घरी येईपर्यंत डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहायला बसलो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

माझं आजोळ कंधार तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगानं एक ओढा जातो, पुढं मन्याडला मिळतो. नकाशावर त्याला नाव नाही. गावात मात्र त्याच्या प्रत्येक वळणाला नाव होतं. उंबराचा डोह, धोबीघाट, म्हसोबाची कोंडी. पावसाळ्यात तो गढूळ लोंढा घेऊन यायचा, पण नवरात्र सरलं की पाणी निवळायचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा कमरेएवढ्या डोहाच्या तळाचा गोटा न् गोटा मोजता यायचा.

मामा गळ टाकायचे, पण बाकीच्यांसारखा नाही. बाकीचे गांडूळ लावून, ज्वारीच्या धाटाचं भेंड दोरीला बांधून काठावर तासन्‌तास बसायचे. मामा हिंडायचे. सकाळी गवतात दव असतं तोवर नाकतोडे सुस्त असतात, तेव्हाच दहा-बारा धरून बाटलीत घालायचे. वेळूची काठी, काठीएवढाच तंगूस, बारीक गळ. शिसं नाही, भेंड नाही. नाकतोडा नुसता पाण्यावर टेकवायचा आणि धारेबरोबर सोडून द्यायचा. चंदेरी, वीतभर मासे वर येऊन तो टिपायचे. ‘टुब्‌’ असा आवाज यायचा, तो अजून कानात आहे.

त्यांचे नियम होते. मासा धारेला तोंड करून उभा राहतो, म्हणून खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आणि सगळ्यात आधी पाण्यातला एखादा दगड उलटा करून बघायचा. खाली बारके किडे चिकटलेले दिसले तरच गळ भिजवायचा. "किडा नाही तर मासा कशावर जगंल?" एवढंच म्हणायचे. आता वाचताना कळलं की ट्राऊटवाले गोरे लोकही नेमकं हेच करतात. ओढ्यातले दगड उलटून कोणता किडा आहे ते बघतात आणि तशी माशी बांधतात. नदी किती निर्मळ आहे हे जोखायला शास्त्रज्ञसुद्धा दगडाखालचे हेच किडे मोजतात. मामा चौथी पास आहेत.

ट्राऊट काही आपला मासा नाही. तो थंड पाण्याचा. काश्मीरला आणि निलगिरीला इंग्रजांनी त्याची अंडी बोटीनं आणून सोडली, कारण त्यांना सुट्टीत गळ टाकायला घरचा मासा पाहिजे होता. आपल्या ओढ्यात सोडला तर मार्चची दुपारसुद्धा काढायचा नाही. आपल्या महाराष्ट्रात मान आहे तो महसीरला. महाडजवळ वाळण कोंडीत लोकांनी देवाचे मासे म्हणून तो राखलाय, तिथं कोणी गळ टाकत नाही. आमच्या ओढ्यातल्या चंदेरी माशांना ना इंग्रजांचा लाड, ना देवाचं संरक्षण. त्यांचा बाजारसुद्धा नव्हता. बाजार लिंबोटीच्या, बारूळच्या धरणातल्या कटला-रोहूचा. त्याला ठेका असतो, संस्था असते, बीज सोडतात. ओढ्यातल्या माशाचा हिशोब सरकारच्या कुठल्याच कागदावर नाही. मला वाटतं, खरी गोम तिथंच आहे.

आता २०१६ वर येतो. तेव्हा मी नोकरीला लातूरला. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, १४४ कलम. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १० वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर. लोक फोटो काढायला स्टेशनवर गेले, मीही गेलो. शरम वाटली की आनंद झाला, ते आजही नीट सांगता येणार नाही. घरात बायको आंघोळीचं पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरायची आणि ते पुन्हा संडासाला. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना जास्त सांगायची गरज नाही.

त्या उन्हाळ्यानं आपण सगळे बदललो. जिथं ओढा दिसंल तिथं पोकलेन लावा, खोल करा, रुंद करा, सरळ करा. जलयुक्त शिवार २०१४ च्या डिसेंबरपासून सुरू होतंच, ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ असं भिंतीभिंतीवर रंगवलेलं. पुढच्या उन्हाळ्यात आजोळच्या ओढ्याचा नंबर लागला. डिझेलला लोकवर्गणी होती. मी पाच हजार दिले. हे मुद्दाम सांगतोय, कारण या पोस्टमध्ये दोष देताना मी बाजूला उभा राहिलो असं व्हायला नको. मी तिथं नारळ फोडताना टाळ्या वाजवल्यात. फोटो आहे.

त्या दिवशी मामा उंबराच्या डोहाशी उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "पाणी अडवा की, कोण नको म्हणतंय? पण डोह कामून मोडायलाव? डोहात तर पाणी हायच."

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला मासे पडलेत. इथं माणसं मरायलीत."

ते काही बोलले नाहीत. आजही ते वाक्य आठवलं की झोप उडते.

खोलीकरण झालं. पहिली दोन वर्षं काठच्या विहिरींना पाणी वाढलं, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ओढा राहिला नाही, चर झाला. गोटे गेले, लव्हाळा गेला, उंबर मुळं उघडी पडून तिसऱ्या पावसाळ्यात आडवा झाला. मुरूम कुठं गेला ते गावात सगळ्यांना माहीत आहे, इथं लिहीत नाही. काठ उभे कापल्यामुळं दरवर्षी कुणाची ना कुणाची हातभर जमीन आत ढासळते. जो गाळ काढायला एवढं केलं, तोच गाळ परत तळाला. वर सिमेंटचा बंधारा. मृगाचा पाऊस झाला की मन्याडीतून मासे धारेच्या उलटे अंडी घालायला वर चढायचे. आता ते बंधाऱ्याच्या भिंतीला धडकतात आणि तिथंच लोक त्यांना टोपल्यानं उपसतात. माशानं वर कसं जायचं, हा प्रश्न बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात कुठं बसवणार?

असं म्हणणारा मी पहिला नाही. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा याच कामांच्या अशास्त्रीय पद्धतीवर उच्च न्यायालयात गेले होते. त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गाळ काढणं वेगळं आणि ओढ्याचा मूळ तळ फोडणं वेगळं, एवढा साधा फरक आहे. आमच्या गावात तो कुणी केला नाही. मीही नाही.

जे मासे उरले त्यांच्यामागं आता करंटवाले लागलेत. बॅटरी-इन्व्हर्टर खांद्याला, दोन तारा पाण्यात. मोठा मासा, बोटाएवढं पिल्लू, बेडूक, किडा, सगळं एकदम वर. काहीजण फवारणीचं औषध ओततात, त्याच पाण्यावर खाली जनावरं येतात. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानंच बंदी केली होती, म्हणजे इंग्रजांच्या काळातही हे उद्योग चालायचेच. मामांनी एकदा करंटवाल्या पोरांना हटकलं तर उत्तर मिळालं, "आबा, तुमचा जमाना गेला." त्यातला एक माझ्याच नात्यातला आहे. त्याला मी शिव्या दिल्या, पण मला त्याचं पूर्ण चुकलंय असंही म्हणवेना. त्यानं निवळ ओढा बघितलाच नाही. त्याच्या लेखी तो चरच आहे.

आता हे सगळं आज का? जलयुक्तचा दुसरा टप्पा सुरू आहे, आणि यंदा ओढ्याच्या वरच्या अंगाला काम धरायचं गावात घाटत आहे. त्याच अंगाला म्हसोबाची कोंडी आहे, एकटीच अजून शाबूत. परवा मामा आणि मी तिथं गेलो. मामांना उतार उतरवत नाही, त्यांनी वरूनच सांगितलं, "दगड उलटा कर." मी केला. खाली तीन शेपट्यांचे दोन किडे होते, नखाएवढे. मामांना हातावर धरून दाखवले. त्यांनी परत पाण्यात सोडायला लावले.

येत्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे. मागणी एवढीच की कोंडी आणि तिच्या खालचा दोनशे फूट खळाळ, एवढ्याला पोकलेन लावू नये. बाकी ठिकाणी गाळ काढा, मी पुन्हा वर्गणी देतो. सरपंचांशी बोललो. ते म्हणाले, "भाऊ, माशासाठी काम अडवलं म्हणून लोक हसतील, पण लेखी द्या, बघू." अर्जावर मामांनी सही केली आहे. अजून अकरा झाल्या आहेत, त्यात चार बाया आहेत, ज्यांना धुणं धुवायला ती एकच जागा उरली आहे. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर भागात कुणी आपल्या गावचा डोह असा लेखी देऊन वाचवला असेल तर अर्ज कसा लिहिला ते मला कळवा. ग्रामसभेला अजून नऊ दिवस आहेत.