आठांपैकी पाच

दिवाळीच्या आधी कपाट आवरायला काढलं आणि तळाशी एक निळी फाईल सापडली. वर ताईच्या अक्षरात मन्याचं नाव आणि '२०१६'. ताईने नाशिकचं घर बदललं तेव्हा ही फाईल माझ्याकडे आणून दिली होती. तिला ती घरात नको होती आणि टाकवतही नव्हती. मी न उघडताच ठेवून दिली होती. यावेळी उघडली, आणि मग आवराआवरी राहिली बाजूलाच.

मन्या म्हणजे माझा भाचा. तेव्हा चार वर्षांचा होता. गणपती उठले आणि त्याला डेंग्यू झाला. त्या वर्षी त्यांच्या सोसायटीत घरटी एकाला झालाच होता, त्यामुळे कुणी फारसं घाबरलं नाही. डेंग्यूत ताप उतरल्यावरच जास्त जपायचं असतं, हे शेजारच्या काकूंपासून सगळ्यांनी ताईला सांगून झालं होतं. पण मन्याचा ताप उतरेचना. सहावा दिवस गेला, आठवा गेला. तिथल्या डॉक्टरांनी "व्हायरल आहे, वेळ घेतं" असं तीन दिवस सांगितलं. नवव्या दिवशी ताई आणि भावजी त्याला घेऊन पुण्याला आले, माझ्या घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात.

तिथल्या मॅडमनी पोट दाबून पाहिलं. पांथरी वाढली होती. मग त्यांनी तपासण्यांची यादी लिहून दिली आणि त्यात होतं ट्रायग्लिसराइड. भावजींचा पाराच चढला. "चार वर्षांच्या पोराचं कोलेस्टेरॉल कशाला तपासताय? बिल वाढवायला?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उपाशीपोटी द्या फक्त."

संध्याकाळी त्यांनी एका रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. ते चित्र या फाईलीत अजून आहे. आपल्या शरीरात मारेकरी पेशी असतात. विषाणू शिरलेली पेशी दिसली की त्या तिला भोक पाडतात आणि त्यातून मारतात. भोक पाडणाऱ्या प्रथिनाचं नाव पर्फोरिन. शत्रू मेला की मारेकरीही गप्प होतात. पण भोकच पडलं नाही, किंवा गडबड हाताबाहेर गेली, तर ते ओरडतच राहतात. त्या ओरडण्याने दुसऱ्या, खादाड पेशी चवताळतात आणि स्वतःच्याच शरीरातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स गिळायला लागतात. आजाराचं नाव हेमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, थोडक्यात एचएलएच. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चोर शिरला म्हणून आख्खी आळी काठ्या घेऊन धावली, आणि आता चोर नाही तरी काठ्या थांबत नाहीयेत." मॅडम हसल्या. "असंच. आणि घर तुमचंच आहे."

हा आजार आहे की नाही हे एका तपासणीत ठरत नाही. तेव्हा आठ खुणा होत्या, त्यांतल्या पाच जुळाव्या लागत. मन्याचा ताप होता, पांथरी होती, हिमोग्लोबिन ८.१ आणि प्लेटलेट्स २२ हजार, म्हणजे रक्तपेशींची खूण जुळली. फेरिटिन ५०० च्या वर असलं की धरतात, याचं चौदा हजार. झाल्या चार. ट्रायग्लिसराइड २६५ हवं होतं, आलं २४०. (या वादळात रक्तातली चरबी पचवणारं विकर दबतं, म्हणून ती तपासणी, बिलासाठी नव्हे.) त्याच खुणेत दुसरा पर्याय फायब्रिनोजेनचा. ते १५० पर्यंत उतरावं लागतं, याचं १६२. उरलेल्यांपैकी दोन तपासण्या आपल्याकडे मोजक्याच प्रयोगशाळांत होतात आणि उत्तर यायला दिवस लागतात. राहिली अस्थिमज्जा.

त्या रात्री पॅसेजमध्ये भावजी तो रिपोर्ट हातात घेऊन बसले होते. खिशातल्या लाल पेनने २४० भोवती गोल करत होते, पुन्हा पुन्हा. मला म्हणाले, "पंचवीसनं कमी पडलं गं. वाढलं असतं तर बरं झालं असतं." मग स्वतःचंच वाक्य ऐकून गप्प झाले. सकाळी ज्या तपासणीवरून भांडले होते तिचाच आकडा मुलाचा अजून बिघडलेला यावा म्हणून हा बाप बसला होता. बिघडला की आजाराला नाव मिळेल, नाव मिळालं की औषध.

मी बँकेत नोकरी करते. वैद्यकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ही आठांची यादी आली कुठून, या प्रश्नाने मी त्या रात्री झोपले नाही, आणि पुढेही वाचत राहिले. १९५२ मध्ये एडिंबरामध्ये फर्कर आणि क्लेरो या दोन डॉक्टरांनी एकाच घरातल्या दोन तान्ह्या भावंडांबद्दल लिहिलं. दोघंही गेलेली. एकाच घरात दोनदा, म्हणजे हे रक्तातून येत असणार, एवढं त्यांना दिसलं. त्यापुढे तीसेक वर्षं या आजाराबद्दल सांगण्यासारखं एकच होतं, की मूल साधारण दोन महिन्यांत जातं.

अडचण साधी होती. स्वीडनमध्ये मोजलं तेव्हा पन्नास हजार जन्मांमागे एक मूल निघालं. एका डॉक्टरला आख्ख्या नोकरीत दोन-चार दिसणार, त्यातून काय शिकणार? म्हणून निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये हिस्टिओसाइट सोसायटी काढली आणि आपापले दोन-चार रुग्ण एकत्र मांडायला सुरुवात केली. आधी पाच खुणा ठरवल्या, २००४ च्या अभ्यासासाठी त्यात तीन वाढवल्या. मला त्यातली एक गोष्ट फार लागली. ही यादी अभ्यासात कुणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी केलेली होती. सगळ्या देशांत एकाच आजाराची मुलं मोजली जावीत, एवढाच हेतू. ती पुढे जगभरच्या वॉर्डांत निदानाची यादी होऊन बसली. अभ्यासाच्या फाटकावर लावलेली पाटी, आणि माझे भावजी तिच्यापुढे पंचवीस गुणांनी नापास होऊन उभे.

१९९४ मध्ये स्टॉकहोमचे यान-इंगे हेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेळापत्रक बांधलं. डेक्सामेथासोन आठ आठवडे, सोबत एटोपोसाइड, पुढे सायक्लोस्पोरिन, आणि जन्मजात आजार असेल तर शेवटी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. चार वर्षांत ११३ मुलं जमली. औषध न देता कुणाला नुसतं बघत बसण्याचा प्रश्नच नव्हता. तुलना करायची ती आधी गेलेल्या मुलांशी. तीन वर्षांनी जगलेली निघाली ५५ टक्के. हा आकडा मी त्या रात्री पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फक्त उरलेले ४५ दिसले.

एटोपोसाइड हे कॅन्सरचं औषध. पॉडोफायलम नावाच्या झाडातल्या द्रव्यापासून करतात, आणि त्या झाडाची एक जात आपल्या हिमालयातली वनककडी. १९८० पासून डॉक्टर ते या आजारात देत आले, कारण मुलं सुधारताना दिसत होती. का सुधारतात, ते २०१४ मध्ये उंदरांत नीट दिसलं. चवताळलेल्या टी-पेशी ते वेचून मारतं. हे दाखवणाऱ्या चमूतल्या सिनसिनाटीच्या डॉक्टरांचं नाव मायकेल जॉर्डन. (नाही, तो नव्हे.)

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मन्याची मज्जा काढली. आधी मज्जा आणि मगच स्टिरॉइड, कारण ल्युकेमिया लपून बसला असेल तर स्टिरॉइड त्याला झाकून टाकतं. मज्जा निघाल्याबरोबर, चारच खुणांवर, मॅडमनी डेक्सामेथासोन सुरू केलं. "यादी अभ्यासासाठी आहे. मी पोराकडे बघते," म्हणाल्या. पाचवी खूण संध्याकाळी मिळाली. मज्जेत पेशी पेशींना गिळताना दिसल्या.

मग दोन कागद आले. एक एटोपोसाइड लागलंच तर त्याच्या संमतीचा. दुसरा, मन्याचं थोडं रक्त जनुकांच्या अभ्यासासाठी ठेवायचं आणि त्याची माहिती नाव गाळून नोंदवायची, त्याचा. त्यात छापलं होतं की या अभ्यासाचा आपल्या पाल्याला प्रत्यक्ष फायदा होईलच असे नाही. भावजी उठलेच. "माझ्या पोरावर प्रयोग करायचेत का तुम्हाला?" मॅडमनी आवाज चढवला नाही. "प्रयोग होऊन गेलेत. दुसऱ्यांच्या मुलांवर. आज मी दर चौरस मीटरला दहा मिलिग्रॅम देतेय, दोन आठवड्यांनी पाच करीन. ते मी मनाने ठरवलेलं नाही." ताईने पेन घेतलं आणि दोन्हींवर सही केली. मला आजही वाटतं की ती वेळ सह्या मागायची नव्हती. एक दिवस थांबता आलं असतं. पण ते माझं मत. ताईचं तसं नाही.

शेजारच्या खाटेवर लातूरकडचं सात महिन्यांचं बाळ होतं. आधीचं एक मूल असंच तापाने गेलेलं. आई-बाप आत्ते-मामे भावंडं. तोच दुसरा कागद त्या बाईच्या हातात होता आणि तिला वाचता येत नव्हता. नवरा गावी पैशाच्या मागे. मी चहा घेऊन परत आले तर भावजी स्टुलावर बसून तिला तो कागद वाचून दाखवत होते, एकेक ओळ, "होईलच असे नाही"सुद्धा. तिने विचारलं, "मग कुनाला व्हतो?" भावजी म्हणाले, "पुढच्याला." तिने अंगठा दिला.

मन्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. मॅडमनी एटोपोसाइड आणखी अठ्ठेचाळीस तास लांबवलं, मग आणखी चोवीस, आणि ते लागलंच नाही. डेंग्यूसारख्या संसर्गाने पेटलेला आजार कधी कधी एवढ्यावर विझतो. जन्मजात तसा विझत नाही. लातूरच्या बाळाला एटोपोसाइडही दिलं, पण प्रत्यारोपणाला जुळणारं कुणी मिळायच्या आत नोव्हेंबरात ते गेलं. त्याच्या रक्तात पर्फोरिनच्या जनुकातला दोष सापडला. या आजारामागचं हेच पहिलं जनुक, १९९९ मध्ये सापडलेलं. तो दोष नेमका कुठे ते माहीत झाल्यामुळे त्या बाईच्या पुढच्या गरोदरपणात पोटातल्या बाळाची तपासणी करता आली. २०१९ मध्ये तिला मुलगी झाली, धडधाकट. बारशाला ताई आणि भावजी लातूरला जाऊन आले. भावजींनी झबली-टोपडी स्वतः निवडली होती म्हणे.

संशोधन त्यानंतरही चालूच राहिलं. २०१८ मध्ये अमेरिकेत एमापालुमॅब नावाच्या औषधाला परवानगी मिळाली, चाचणी झाली ती सगळी मिळून ३४ मुलांवर. २००४ च्या अभ्यासात सायक्लोस्पोरिन सुरुवातीपासूनच देऊन पाहिलं होतं. २०१७ मध्ये निकाल आला, ३६९ मुलं, फायदा सिद्ध झाला नाही. जुनंच वेळापत्रक बरं ठरलं. एवढी वर्षं घालवून 'याने फरक पडत नाही' असं लिहायचं, हेही कामच आहे की!

आणि २०२१ च्या एप्रिलात तर फेरिटिन हा शब्द गल्लीगल्लीत पोचला. आजार वेगळा, पण भडका त्याच जातीचा, आणि औषध तेच डेक्सामेथासोन. भावजींना करोना झाला, रिपोर्ट आला, आम्ही सगळे हादरलो. ते ऑक्सिजनच्या नळीतून म्हणाले, "नऊशेच? मन्याचं चौदा हजार होतं."

दिवाळीत मन्या आला होता. आता मिसरूड फुटलंय. फाईल टेबलावरच होती, ती त्याने उचलली. मॅडमचं चित्र उलटसुलट करून पाहिलं, आकडे वाचले, मग एका कागदावर थांबला.

"मावशी, या दोनशे चाळीसला कुणी एवढं गिरवलंय? कागद फाटलाय इथे."

"तुझ्या बाबांनी."

"का?"

"त्यांनाच विचार," मी म्हटलं, आणि फराळाचं ताट आणायला आत गेले.