गोल धुराड्यांचं घर

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, विंडरमिअर तलावाच्या वरच्या अंगाला ट्राउटबेक नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिण टोकाला टाउनेंड हे घर उभं आहे. ब्राउन घराण्यातल्या सधन शेतकऱ्यांनी ते १६२६ च्या सुमारास बांधलं आणि १९४३ पर्यंत सोडलं नाही.

या घराचा स्वभाव ओळखायचा तर आधी धुराड्यांकडे बघावं. ती गोल आहेत. इथला दगड पाटीचा. फोडला की चपट्या, वेड्यावाकड्या कपच्या निघतात. कोपऱ्याला लागणारा काटकोनी चिरा त्यातून काढणं कठीण. मग गवंड्यांनी कोपराच गाळून टाकला. अडचणीतून आलेलं हे देखणेपण मला मोठमोठ्या गढ्यांच्या थाटापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. छपरावरही पाटीच, वळचणीला रुंद आणि जड, आढ्याकडे चढताना लहान होत गेलेली. भिंतींना चुन्याचा खरबरीत गिलावा, कारण इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि दगडांच्या सांध्यांत शिरतो.

आत घराची दोन अंगं आहेत. एकीकडे धुणं, भाजणं, बिअर बनवणं अशा रगाड्याची खोली. दुसरीकडे चुलाण्याची ऊब, ओकची दणकट टेबलं, कोरीव कपाटं. या घराला कष्टाची लाज नाही आणि हौसेचंही वावडं नाही. मेंढरं राखणाऱ्या या कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या पुस्तकं जमवली. शेतकऱ्याच्या छपराखाली सुमारे दीड हजार ग्रंथ! घराण्यातले जॉर्ज ब्राउन १९१४ साली वारले. त्यांनी हातात पटाशी घेऊन जुन्या धाटणीची नक्षी कोरली, जुन्या सामानावरही आणि नव्यावरही. कोणती वेल सतराव्या शतकातली, कोणती त्यांच्या हातची, चटकन सांगता येत नाही. जाणकारांना ही सरमिसळ खटकेलही. मला ती घराण्याची खरी वंशावळ वाटते.

रस्त्यापलीकडे या घराचं भावंड, उतारावर बांधलेलं कोठार. चढाच्या बाजूने गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर जायची, गुरं खाली बांधलेली असायची. हिवाळाभर वरून नुसतं गवत खाली ढकलायचं. डोंगराच्या उताराकडूनही या माणसांनी हमाली करून घेतली.