उंबर: वर्ज्य फळ, उपकारी वृक्ष

श्रावकाच्या अष्टमूलगुणांच्या एका प्रचलित मांडणीत मद्य, मांस व मधु यांबरोबर ५ उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे. उंबर फोडून पाहिला की आत बारीक जीव वळवळताना दिसतात. कारण निराळे शोधावे लागत नाही. मात्र फळ वर्ज्य म्हणून झाडही नकोसे, असा अर्थ कोणी काढला तर तो शास्त्राला धरून होणार नाही.

ज्याला फळ म्हटले जाते तो वस्तुतः फुलांचा बंद गुच्छ. म्हणूनच क्वचित भेटणाऱ्या माणसास ‘उंबराचे फूल’ म्हणतात. एक चिमुकली माशी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते; शिरताना तिचे पंख तुटतात. परागीभवन करून, अंडी घालून ती आतच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर वाट कोरतात आणि माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य जेमतेम १-२ दिवसांचे. तेवढ्यात योग्य अवस्थेतील दुसरा उंबर गाठायचा असतो. ओढ्यांचे काठ शेतासाठी उजाड होत गेले की हा शोध कठीण होतो.

सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे इतर झाडे रिकामी असतानाही कुठे ना कुठे पंगत मांडलेली असते. हरियाल, तांबट, कोकीळ, रात्री वटवाघळे व उदमांजर हे तिचे पाहुणे. पाण्यात पडलेली फळे मासे खातात. पानांवर काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूमिगत जलाच्या खुणांमध्ये उंबराची गणना केली, ती उगीच नव्हे.

कळसाडीसारख्या गावी ओढ्याकाठी उंबर लावायचा तर पात्रात लावू नये, पुराने वाहून जातो. काठाच्या वरच्या अंगास लावावा. विहीर व घराची भिंत यांपासून दूर ठेवावा, कारण मुळे दूरवर पसरतात. बी अत्यंत बारीक. ते वाळू व शेणखताच्या मिश्रणावर नुसते पसरावे, पुरू नये. पावसाच्या तोंडावर जाड फांदीही रुजते. खरा शत्रू शेळी. काटेरी कुंपण पहिली २-३ वर्षे हवेच, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा घागरभर पाणी.