जिन्यातला ट्रे

परवा पावसाळ्यापूर्वीची तपासणी करायला वायरमन आला होता. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. आता दरवर्षी ते मी मागून घेतो. का, ते आज लिहूनच टाकतो. घरच्या मंडळींना अर्धी गोष्ट माहीत आहे, उरलेली अर्धी मी सोयीस्करपणे सांगितलेली नाही.

आमची सोसायटी रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. चार मजले, एकच जिना. मीटर सगळे तळमजल्यावर, आणि तिथून प्रत्येक घराच्या वायरी जिन्याच्या भिंतीवरून वर जातात. २०१४ मध्ये जुन्या लाकडी पट्ट्या काढून पत्र्याचा केबल ट्रे बसवायचं ठरलं. (ट्रे म्हणजे भोकं असलेली पत्र्याची पन्हळच. वायरी त्यात बांधून न्यायच्या.) मी तेव्हा खजिनदार होतो. दोन कोटेशनं आली. दोन्हींवर 'जीआय ट्रे' एवढंच लिहिलेलं, आणि फरक अकरा हजारांचा. दोन्ही जीआय, मग जास्त पैसे कशाला? हा माझा बिनतोड युक्तिवाद. सभेत टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. पण तो थर देण्याच्या दोन तऱ्हा आहेत, हे मला नऊ वर्षांनी कळलं. एकात कारखान्यातूनच जस्त चढवलेला पत्रा आणतात, मग तो कापतात, भोकं पाडतात, वाकवतात. म्हणजे प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक उघडं लोखंड! शिवाय थरही पातळ. चांगल्यापैकी पत्र्यावरसुद्धा एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. दुसऱ्या तऱ्हेत ट्रे आधी पूर्ण तयार करतात आणि मग अख्खा साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. याला हॉट डिप म्हणतात. थर दुपटीहून जाड, आणि कडा-भोकं सगळी झाकलेली. भांडं घडवून झाल्यावर कल्हई करायची, की कल्हईचा पत्रा आणून त्याचं भांडं ठोकायचं, एवढा साधा फरक. कल्हईवाल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिसऱ्या वर्षी कडांवर तांबूस रेघा आल्या, पाचव्या वर्षी पोपडे. मी म्हटलं, रंग मारून घेऊ. मारला.

२०२३ च्या जुलैत जिना पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सर, तिथं हाताला मुंग्या येतात." मी काय म्हणालो? "ओल्या हातानं कशाला शिवता मावशी?" झालं! त्या पुन्हा दोन दिवसांनी आल्या. मी म्हटलं, बघतो. बघितलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मला काही सांगितलंच नाही, सरळ तळमजल्यावरच्या वहिनींना सांगितलं आणि वहिनींनी वायरमन बोलावला. त्याने टेस्टर लावला. पेटला. त्याने तिथल्या तिथे ते मीटर बंद केलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कारण निघालं ते असं. ट्रे बसवताना जिथे कापला तिथली कड कानशीने घासलेलीच नव्हती. त्या धारेवर एका वायरीचं वेष्टण वर्षानुवर्षं घासत घासत चिरलं. तरी ट्रेला अर्थिंग नीट असतं तर फ्यूज तेव्हाच उडाला असता. पण तुकड्यांच्या सांध्यांत गंज, आणि सांध्यांवरून जोडपट्ट्या घातलेल्याच नाहीत, त्यामुळे मधला तुकडा अधांतरी. वीज त्यात येऊन बसलेली, जायला वाट नाही. ज्या घराची वायर होती तिथे ईएलसीबी होता. पण तो घरातल्या बोर्डावर, गळती त्याच्या अलीकडे. त्याला कळणार कसं?

वाट मिळाली असती ती मावशींच्या हातातून. त्या दिवसांत पायांत रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. एरवी त्या अनवाणीच पुसतात. ही ती उरलेली अर्धी गोष्ट.

२०२४ च्या एप्रिलमध्ये सगळं नव्याने केलं. या वेळी मी वही घेऊन बसलो. अॅल्युमिनियम हलकं आणि खाऱ्या हवेत बरं टिकतं, पण त्याला लोखंडी क्लॅम्प लावले तर दमट हवेत दोन धातूंचं जमत नाही, अॅल्युमिनियमच खाल्लं जातं. फायबरचा ट्रे गंजत नाही, त्यात वीजही उतरत नाही. बऱ्याच जणांचा कल तिकडेच होता. मी विरोध केला. आगीत तो कसा वागेल हे त्यातल्या रेझिनवर अवलंबून, आणि आमचा जिना एकच. धूर झाला तर चौथ्या मजल्यावरच्या आजींनी उतरायचं कुठून? स्टेनलेस स्टीलचा भाव ऐकून सभा दोन मिनिटं शांत झाली. शेवटी हॉट डिपच. कोटेशनवर 'तयार झाल्यावर जस्तात बुडवलेला' असे शब्द लिहून घेतले.

मापाचे तुकडे मागवले, म्हणजे जागेवर कमीत कमी कापायचं. जिथे कापलं तिथे कानस, आणि वर जस्ताच्या रंगाचे दोन हात. स्क्रूची गुळगुळीत डोकी आत, नट बाहेर, म्हणजे वायरींना बोचणार नाहीत. प्रत्येक सांध्यावर तांब्याच्या तारांची वेणी, तीही कल्हईची, कारण नुसतं तांबं जस्ताला खातं. टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी लोकांनी परस्पर कोंबल्या होत्या, त्यांना वेगळी पट्टी. यावरून भांडणं झाली, ती लिहीत नाही. स्लॅबमधली भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवली, नाहीतर तीच धुराची चिमणी.

काम झाल्यावर मावशींना घेऊन गेलो. चुकलं माझं, म्हणालो. त्यांच्यासमोर टेस्टर लावून दाखवला, स्वतः ट्रेवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "बरं झालं सर."

दोन वर्षं होत आली. त्या अजून तेवढा भाग काठीला कोरडं फडकं बांधूनच पुसतात.