आधी शून्य बघ

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे परिचर. आम्ही १९९३ साली अकरावीला गेलो तेव्हापासून तेच आहेत.

"अरे, लॅबचं जुनं सामान बाहेर काढलंय. निर्लेखन चाललंय. सोमवारी भंगारवाला येणार. बघायचं असेल तर येऊन जा."

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. एरवी मी इथे नळाचं पाणी, रस्ते आणि नगरपरिषदेवर लिहितो. आज लॅबवर लिहितोय, कारण मला हाही सार्वजनिकच प्रश्न वाटतो. कॉलेजचं नाव घेणार नाही, कुणी विचारूही नये. व्हरांड्यात जे दिसलं, ते तुमच्या तालुक्यातही कुठल्या ना कुठल्या व्हरांड्यात पडलेलं असेल.

तर गेलो. भिंतीला टेकून सगळं मांडलेलं. लाकडी पट्ट्यांवर दहा-दहा तारा ताणलेले पोटेन्शिओमीटर. पितळी पाय आणि उभी गोल कॉइल असलेले टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर, नग ६. काळ्या एबोनाइटच्या झाकणाचे तीन पोस्ट ऑफिस बॉक्स. लेक्लांशे सेलची मातीची सच्छिद्र भांडी, त्यांच्या कडेला अजून नवसागराचा पांढरा थर. कल्हईवाला भांड्यात टाकायचा तोच नवसागर. आमच्या लॅबमध्ये तो पाण्यात विरघळवून त्यापासून वीज मिळवायचो.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक नगापुढे एकच शेरा होता, 'वापरण्यायोग्य नाही'.

"मामा, हे तपासलं कुणी?"

"तपासायचं काय? शेरा आधी लिहिला, सामान नंतर बाहेर आलं."

मी एक टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर उचलला. सुई अडकली होती. काचेचं झाकण काढून टोकावरची धूळ पुसली, सुई पुन्हा नीट टेकवली. ती दोन-चार वेळा हेलकावली आणि उत्तरेकडे तोंड करून थांबली. पंधरा मिनिटांचं काम होतं.

हे यंत्र ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. १८२० मध्ये ओरस्टेडला दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. ती किती हलते त्यावरून करंट मोजायचा, ही पुढची पायरी. टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर हेच करतो. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुइए याने तो वापरात आणला. उभ्या कॉइलच्या मधोमध होकायंत्र ठेवायचं आणि कॉइल सुईच्या रेषेत, म्हणजे उत्तर-दक्षिण लावायची. करंट सोडला की कॉइल सुईला एका बाजूला ओढते, पृथ्वी तिला उत्तरेकडे धरून ठेवते. दोघांच्या ओढाताणीत सुई ज्या कोनावर थांबते, त्या कोनाच्या टॅन्जंटवरून करंट कळतो. ५० फेऱ्यांची, ८ सेंटिमीटर त्रिज्येची कॉइल असेल तर आपल्याकडे साधारण ०.१ अँपिअरला सुई ४५ अंशांच्या जवळ जाते.

'आपल्याकडे' हा शब्द मुद्दाम लिहिला. या यंत्राचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. पृथ्वीचं चुंबकत्व जागोजागी वेगळं असतं. ते मोजायचं काम १८४१ पासून मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चालायचं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या करंटने वेधशाळेतल्या नाजूक सुया बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडची मोजमापं बरोबरीने चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे नव्या आकड्यांशी जोडता येतील. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ट्राम अडवली नाही, मोजमापही सोडलं नाही. दोन वर्षं दुप्पट काम केलं आणि मग जागा बदलली. हे आपल्याच कोकणात घडलेलं आहे आणि कॉलेजात मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

पोस्ट ऑफिस बॉक्सचं नावही असंच. त्याचा पत्रांशी संबंध नाही, तारेशी आहे. ब्रिटनमध्ये तारखातं पोस्टाकडे होतं आणि तार कुठे बिघडली ते शोधायला हा डबा वापरत. तारेचा दर मैलाचा रोध माहीत असायचा. बिघाडापर्यंतचा रोध मोजला की बिघाड किती मैलांवर आहे ते ऑफिसात बसून कळायचं, आणि माणूस नेमका तिथेच पाठवायचा. आपल्याकडची तार सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. डबा मात्र लॅबमध्ये राहिला. त्यातल्या पितळी खुंट्यांची गंमत अशी की खुंटी काढली की रोध वाढतो. पहिल्या दिवशी प्रत्येक जण उलटं करायचा. खुंटी सैल बसली तर उत्तर चुकायचं. मग घट्ट पिळून बसवायची, पुन्हा मोजायचं.

आमचे सर (आता नाहीत) प्रयोग सुरू करायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "शून्य बघितलंस का?" करंट बंद असताना काटा शून्यावर आहे की नाही, ते आधी बघ. नसेल तर किती सरकलाय ते लिहून ठेव. मग सुईची दोन्ही टोकं वाच. मग करंट उलटा कर आणि परत दोन्ही टोकं वाच. चारांची सरासरी काढ. हातातलं कडं, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या लांब ठेव. एका आकड्यासाठी एवढा कुटाणा. तेव्हा कंटाळा यायचा. पण त्यातून एक गोष्ट अंगात मुरली. आकडा आपोआप येत नाही. तो कुठून तरी येतो, आणि येताना वाटेत बिघडू शकतो.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. गल्लीतल्या काकूंचं बिल अचानक दुपटीच्या वर गेलं. गल्ली एकमुखाने म्हणाली, नवा मीटर पळतोय. मोर्चापर्यंत बोलणं गेलं. मी म्हटलं, आधी शून्य बघू.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. काकूंच्या मीटरवर ३२०० होता, तुमच्या मीटरवर वेगळा असू शकेल. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास. म्हणजे फक्त पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड चालू ठेवला तर तीन मिनिटांत दिवा १६० च्या आसपास लुकलुकायला हवा. व्होल्टेज कमीजास्त असेल तर थोडा फरक पडेल. घड्याळ लावा आणि मोजा, एवढंच.

पण त्याआधी शून्य. घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रीजची पिनसुद्धा काढली. तरी दिवा लुकलुकतच होता! काकूंनी पुढचा गाळा भाड्याने दिला होता. त्या गाळ्याची एक लाइन कधीकाळी कुणीतरी घरच्या मीटरवरच जोडून ठेवली होती आणि भाडेकरूने नुकताच मोठा डीप फ्रीजर आणला होता. ती लाइन तोडली तेव्हा दिवा थांबला. मग रॉड लावून मोजलं, मीटर बरोबर निघाला.

मीटर नेहमी बरोबरच असतो असं माझं म्हणणं नाही. चुकीचा निघाला असता तर हेच आकडे घेऊन आम्ही तक्रार केली असती आणि ती तक्रार वजनदार ठरली असती. सध्या गावोगाव मीटरवरून भांडणं चालली आहेत. एक बाजू म्हणते मीटर पळतो, दुसरी म्हणते मशीन आहे, चुकणार कसं. मोजून बघायला दोघंही तयार नाहीत. लॅबचा विषय सार्वजनिक आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. मी दुकानात दिवसभर डिजिटल क्लॅम्प मीटर वापरतो. त्याच्याशिवाय माझं पोट चालणार नाही. कॉलेजने नवे डिजिटल संच घेतले हे चांगलंच झालं. जागा कमी आहे हेही खरं. आणि व्हरांड्यातलं काही सामान खरोखर भंगारच होतं, त्याला कवटाळून बसण्यात अर्थ नाही.

पण खरं कारण वेगळं आहे आणि त्यात मीही सामील आहे. माझी मुलगी बारावीला आहे. कॉलेजमध्ये नाव, शिकणं क्लासमध्ये. ज्याला इंटिग्रेटेड म्हणतात ते. फी मीच भरली, रांगेत उभा राहून भरली. बोर्डाच्या फिजिक्सच्या १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे. तिच्या जर्नलमध्ये पोटेन्शिओमीटरचा प्रयोग सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे, रीडिंग एकापेक्षा एक देखणी. यंत्र तिने पाहिलेलं नाही. वर्गातल्या सगळ्यांची रीडिंग सारखीच आहेत. वर कुणाची तरी सहीदेखील आहे. ज्या लॅबमध्ये मुलं येतच नाहीत, तिथल्या यंत्रापुढे 'वापरण्यायोग्य नाही' लिहायला कितीसा वेळ लागतो?

एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना बारावीच्या पुस्तकातून मीटर ब्रिज आणि पोटेन्शिओमीटर हे भाग वगळले. आपल्या राज्य मंडळाच्या २०२० च्या पुस्तकात ते आहेत. पुस्तकात आहेत, जर्नलमध्येही आहेत. फक्त टेबलावर नाहीत.

प्राचार्यांना जाऊन भेटलो. माणूस सज्जन आहे. म्हणाले, "शनिवार-रविवार देतो. जे चालू करून दाखवाल ते रजिस्टरवर ठेवतो. बाकीचं सोमवारी जाणार."

मी, मामा आणि माझा कारागीर, तिघं बसलो. सहापैकी चार टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर सुरू झाले. दोन पोटेन्शिओमीटरना नवी तार ताणली. तीन पोस्ट ऑफिस बॉक्सच्या खुंट्या एकत्र करून एक पुरा डबा झाला.

रविवारी दुपारी मुलगी डबा घेऊन आली. पोटेन्शिओमीटर बघून म्हणाली, "बाबा, हा एवढा मोठा असतो?" मी काही बोललो नाही. काय बोलणार?

मग तिला टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर जोडून दिला, शेजारी माझा डिजिटल अँमीटर. म्हटलं, करंट ०.१ अँपिअर ठेव, कोन वाच आणि उलट गणित करून पृथ्वीचं चुंबकत्व काढ. कोन आला ५२ अंश, उत्तर आलं ३१ मायक्रोटेस्ला. आपल्या भागात आडवा घटक साधारण ३८ असतो. तिने गणित दोनदा तपासलं, बरोबर होतं. करंट उलटा केला, दोन्ही टोकं वाचली, तरी तेच.

मामा दारातून म्हणाले, "पोरी, मागे कपाट आहे."

लोखंडी कपाट, टेबलापासून दोन हातांवर. टेबल उचलून व्हरांड्याच्या टोकाला नेलं. पुन्हा शून्य लावलं. ४६, ४५, ४७, ४६. सरासरी ४६. उत्तर ३८ च्या जवळ.

तिने जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन्ही रीडिंग लिहिली, कपाटासह. आतापर्यंतच्या अख्ख्या जर्नलमधलं तेवढं एकच पान तिचं स्वतःचं आहे.

सोमवारी टेम्पो आला. पितळ वेगळं, लाकूड वेगळं, काच फुकट. मामा पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतायत. वाचलेली सात यंत्रं एका कपाटात आहेत. मामांनंतर किल्ली कुणाकडे असेल, माहीत नाही.

म्हणून तीन विनंत्या. तुम्ही एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या समितीवर असाल तर निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी प्रत्येक यंत्र एकदा जोडून बघायला सांगा. गावात माझ्यासारखा एखादा रिवाइंडिंगवाला, जुना रेडिओ मेकॅनिक, निवृत्त शिक्षक असतोच, त्याला बोलवा, तो पैसे मागणार नाही. आणि तुमचं मूल बारावीला असेल तर आज रात्री त्याचं जर्नल उघडा आणि कुठल्याही एका रीडिंगवर बोट ठेवून विचारा, "हा आकडा कुठून आला?"

मी विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.