वायद्याचा दिवस

दिवाळीला गावी, दुबलगुंडीला गेलो की पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारतंच, "ही कंपनी चांगली आहे का रे?" पंचवीस वर्षं मी मुंबईत शेअर दलालांच्या पेढ्यांत जोखीम सांभाळतो. मला आधी कळायला हवं असतं ते वेगळंच : शेअर कुणाच्या पैशानं घेतलाय?

इन्फोसिसचं उदाहरण घ्या. मार्च २०००ला संपलेल्या वर्षात तिचं उत्पन्न ९२१ कोटी रुपये होतं, पुढच्या वर्षी १,९०० कोटी. धंदा दुपटीनं वाढला आणि त्याच बारा महिन्यांत शेअर कोसळला. १० मार्च २००० रोजी इंटरनेटवाल्या कंपन्यांनी भरलेला अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक ५,०४८वर होता, ऑक्टोबर २००२मध्ये १,११४वर आला. इंटरनेट काही खोटं निघालं नव्हतं. ते आलं, आणि सांगितलं होतं त्याहून मोठं झालं.

मग फुटलं काय? आपल्याकडे तेव्हा 'बदला' चालायचा. घेतलेल्या शेअरचे पूर्ण पैसे न भरता, व्याज देऊन सौदा पुढच्या वलणावर, म्हणजे हिशेब चुकता करायच्या पुढच्या दिवसावर ढकलायचा. भाव चढता असेपर्यंत व्याज जाणवत नाही. उलट चढलेल्या शेअरवर आणखी कर्ज मिळतं आणि त्या कर्जातून तोच शेअर पुन्हा घेतला जातो. भाव थोडा उतरला की मात्र पेढी मार्जिन, म्हणजे आणखी अनामत मागते. ते नसेल तर शेअर विकावा लागतो, त्या विक्रीनं भाव आणखी उतरतो आणि शेजारच्याचं मार्जिन संपतं.

मार्च २००१मध्ये मार्जिन मागायचे फोन करायचं काम माझ्याकडे होतं. शेअर दलाल केतन पारेखच्या आवडत्या दहा शेअरांना बाजार 'के-टेन' म्हणायचा, त्यांत संगणक आणि दूरसंचारवाले बरेच. माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेनं पारेखला दिलेल्या १३७ कोटींच्या पे ऑर्डर वटल्या नाहीत आणि त्याला ३० मार्चला अटक झाली. त्या महिन्यात मी फोनवर ऐकलेले आवाज अजून आठवतात. एकानंही कंपनी वाईट आहे असं म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, "सोमवारपर्यंत थांबा." थांबणं माझ्या हातात नव्हतं. २ जुलैपासून बदला बंद झाला.

मुंबईनं हे आधीही पाहिलं होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या जोरावर बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,०००च्या घरात गेला. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपत आलं, कापूस उतरला. पण पेढ्यांना धडकी होती ती १ जुलैची, कारण ढिगानं केलेले वायदे त्या दिवशी पुरे करायचे होते. तो दिवस आला आणि देणारे उरले नाहीत. समुद्र हटवून जमीन करायची कल्पना चुकीची नव्हती. त्याच बॅक बेवर पुढं मरीन ड्राइव्ह उभा राहिला.

गावात हे सांगताना मी तुरीवर येतो. २०१५मध्ये तूरडाळ शहरांत २०० रुपये किलोपर्यंत गेली, पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, आणि राशी झाल्या तेव्हा दर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. हा शेअरचा फुगा नव्हे, इथं माल खरोखर जास्त पिकला होता. पण नुकसान कसं वाटलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. अडत्याकडून उचल घेतलेल्यांनी रास होताच त्याच आठवड्यात तूर घातली. आमच्या घरी त्या साली उचल नव्हती, म्हणून पोती माळवदाखाली थांबू शकली. तूर एकच, शिवार एकच.

गेल्या दिवाळीत पुतण्यानं मोबाइल पुढं केला. चिपच्या धंद्यातली कंपनी, भाव वर्षात तिप्पट. मी विचारलं, "सगळे पैसे तुझे?" तो म्हणाला, "चौथा हिस्सा माझा, काका. बाकीचे अ‍ॅपच देतं." व्याज किती, हे त्याला सांगता येईना. कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघं ती ओळ शोधत बसलो. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत सापडली. किती उतरलं की शेअर आपोआप विकला जाईल, तो आकडाही तिच्याखालीच होता. त्यानं तो वहीत लिहून घेतला.